आठ दिवसांत निकाल लावणारा माणूस

गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५. ऋषिपंचमी.

काल सकाळी गणपती बसला आणि कालपासूनच अमेरिकेचा ५० टक्के कर लागू झाला. मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. आधीचे २५ होतेच, रशियाचं तेल घेतो म्हणून वर आणखी २५. ज्यांच्याकडून आम्हाला मशिनिंगचं काम येतं, त्यांचा मेसेज बरोबर आरतीच्या वेळी आला : पुढचं शेड्यूल होल्ड, तयार माल तिथेच ठेवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये व्हॉल्व्हच्या बॉड्यांची अकरा खोकी पडली आहेत. पोरं सुट्टीवर गेलीत, आल्यावर त्यांना काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

आज ताई आणि दाजी जेवायला आले होते. ऋषीची भाजी, वरीचा भात. करावरून मी चडफडत होतो, तर दाजी ट्रम्पच्या बाजूने. "माणूस बोलतो ते करतो की रे! आपल्यात हाय काय असला एक? असला एक गावला असता तर आठ दिवसांत निकाल लागला असता सीमाप्रश्नाचा."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. १९५६ ला बेळगाव तिकडच्या राज्यात गेलं, तेव्हापासून बाबा ते महाराष्ट्रात यायची वाट बघत होते, वाट बघतच गेले. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. म्हणजे तो दाखल झाला तेव्हा जन्मलेली पोरं आज मतदार आहेत. एवढं ताटकळलेल्या माणसाला टेबलावर मूठ आपटणारा कुणीही आवडतो. दाजी काही वाईट माणूस नव्हे. कंटाळलेला माणूस आहे.

पण भात कालवता कालवता डोक्यात आलं, हा आठ दिवसांत निकाल लावणारा माणूस निकाल आमच्याच बाजूने लावेल हे दाजींनी कशावरून धरलं? तो बसणार दिल्लीत नाहीतर बेंगळुरात. त्याला टाळ्या हव्यात, आणि जास्त टाळ्या जिकडे तिकडे तो कलणार. बेळगावच्या मराठी माणसाच्या टाळ्या त्या हिशेबात किती?

१९९६ ची लोकसभा आठवली. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ढीगभर माणसं उभी केली होती. बेळगावात एकूण उमेदवार ४५६! मतपत्रिका कसली, वहीच होती ती. आमच्या गल्लीतले शिंपीकाका पण उमेदवार. बूथवर त्यांची निशाणी शोधत मी इतका वेळ पानं उलटत बसलो की आतल्या बाई म्हणाल्या, "घरी घेऊन जा की अभ्यासाला." त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० होते, तिथे प्रश्न पाण्याचा होता. लक्ष गेलं खरं, फक्त भलतीकडे गेलं. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून थेट १०,००० रुपये केली. शिंपीकाका पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. तरी ती वही मी अजून मनात जपून आहे. तिच्यात शिंप्यालाही जागा होती.

दुपारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. दाजींची धाकटी. या महिन्यातच एमएस करायला टेक्सासला गेली. आरतीचा फोन, म्हणून आधी गणपतीला तोंड दाखवलं, मग आम्हाला. जूनमध्ये अमेरिकेने नियम काढला की विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी आपली सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. तेव्हा ही आमच्याच कट्ट्यावर बसून जुन्या पोस्ट पुसत होती. त्यांतच एक फोटो होता, १ नोव्हेंबरच्या फेरीतला. कर्नाटकाच्या स्थापनेचा तो दिवस आम्ही काळा दिन म्हणून पाळतो. दंडाला काळी फीत, शेजारी मी. मी म्हटलं, "अगं, अमेरिकेच्या साहेबाला काळा दिन काय कळणार?"

"तेच ना मामा. कळणार नाही म्हणूनच काढतेय."

हे दाजींना माहीत नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं.

आज ती घरमालकिणीबद्दल सांगत होती. म्हातारी प्रेमळ, हिला येता-जाता काहीतरी खायला देते. अंगणात ट्रम्पचा बोर्ड आहे, निवडणुकीपासूनचा. गवत कापताना स्वतः उपटते, कापून झालं की पुन्हा त्याच भोकात रोवते. तिची मुलगी त्या बोर्डामुळे घरी येत नाही म्हणे. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेवर चालून गेलेल्या दीडेक हजार लोकांना ट्रम्पने आल्या आल्या पहिल्याच दिवशी माफी दिली, तेव्हापासून तर बोलणंच बंद. निवडणुकीतला फरक तरी केवढा, ट्रम्पला ४९.८ आणि हॅरिसला ४८.३ टक्के. देश असा मधोमध उभा चिरलेला, आणि कारभार मात्र शंभर टक्के एकाचा.

बोर्डाचं ऐकून ताई म्हणाली, "येळ्ळूरसारखंच की." तसं नव्हे ते. २०१४ ला बेळगावशेजारच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' बोर्ड प्रशासनाने काढला, गावाने परत लावला, मग घराघरांत पोलिसांच्या लाठ्या. म्हातारीच्या बोर्डावर निदान फक्त मुलगी रागावली. पण ताईला ते तसंच वाटलं, आणि मी वाद घातला नाही.

दाजींनी मुलीला विचारलं, "काय म्हणतोय तुमचा ट्रम्प?" ती हसली आणि म्हणाली, "बाबा, फोनवर नको." दाजींना वाटलं, रेंज नाही.

ते गेल्यावर फोनमध्ये तो फोटो शोधला. माझ्याकडे आहे अजून. पुसला नाही.

पाऊस थांबायचं नाव नाही. असल्या हवेत मशिनिंग केलेल्या पृष्ठभागाला चार दिवसांत गंज चढतो. उद्या एकट्याने जाऊन अकराही खोकी उघडायची, ऑइल मारायचं, परत खिळे ठोकायचे.