तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेड झालं, मग रीस्टार्ट कशाला?

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर सॉफ्टवेअर अद्ययावत करणाऱ्या 'ॲप्ट अपडेट', 'ॲप्ट अपग्रेड' या कमांड चालवल्या, एकही एरर आला नाही. मग वेब सर्व्हरसारखी मागे सतत चालणारी सर्व्हिस पुन्हा का सुरू करायची, असं बरेच जण विचारतात. विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा बदलता येत नाही, म्हणून विंडोज स्वतःच रीबूट मागतं. युनिक्स (आणि त्याच धर्तीचं लिनक्स) अडवत नाही, आणि गोम तिथेच आहे.

ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो सामाईक कोड) आधी तात्पुरत्या नावाने डिस्कवर उतरवतो आणि मग रीनेम करून जुन्या नावावर बसवतो. नाव नव्या आयनोडकडे (डिस्कवरच्या फाइलची खरी नोंद) जातं. जुना आयनोड मात्र तो वापरणारी शेवटची प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) संपेपर्यंत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सोडत नाही. म्हणजे डिस्कवर दुरुस्त झालेलं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आणि चालू वेब सर्व्हरच्या मेमरीत जुनं, सदोष, अशी स्थिती महिनोन्‌महिने टिकू शकते. सर्व्हिसचं स्वतःचं पॅकेज बदललं तर त्याची स्क्रिप्ट बहुधा ती रीस्टार्ट करते. ती ज्या लायब्ररीवर उभी आहे ती बदलली, तर तशी खात्री नाही.

एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएलमधलं सुरक्षेचं भोक, याचं चोख उदाहरण. मूळ ओपनएसएसएलमध्ये दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. डेबियन ७ ने मात्र तीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत घालून '१.०.१ई-२+डेब७यू५' दिलं. नुसतं '१.०.१ई' पाहणाऱ्याला वाटणार, भोक तसंच आहे. लगेच '७यू६' आलं, ते कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायला हव्यात हे तपासण्यासाठी! तेव्हा सुरक्षा तपासणाऱ्या स्कॅनरने आवृत्तीवरून बोंब मारली, तर आधी 'ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएल' ने बदलांची यादी उघडून त्या भोकाचा सीव्हीई क्रमांक (त्याचा ओळख क्रमांक) शोधा.

कोण जुनी लायब्ररी वापरतंय हे तपासायचं असेल तर रूट (प्रशासक) होऊन उघड्या फाइलींची यादी देणारं 'एलएसओएफ' चालवा आणि ज्या ओळींत 'डीईएल' आणि लायब्ररीचा पाथ दिसतो त्या पाहा. त्या प्रोसेस जुनंच धरून बसल्यात. 'नीडरीस्टार्ट' पॅकेज हीच यादी सोप्या रूपात देतं. कर्नलला मात्र साधारणपणे रीबूटच लागतो: 'युनेम -आर' ने दिसणारा चालू कर्नलचा क्रमांक आणि बूट डिरेक्टरीतला सर्वांत नवा क्रमांक जुळतात का बघा. वेगळं बूट पार्टिशन लहान असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरतं आणि नवीन इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी छोटी फाइल प्रणाली) लिहिताना अपग्रेड अर्धवट पडतं. म्हणून नको असलेली जुनी पॅकेजं काढणारं 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' वेळेवर चालवा.

काही पॅकेजं 'केप्ट बॅक' (अपग्रेड न करता मागे ठेवलेली) दिसली की घाबरून 'फुल-अपग्रेड' मारू नका; ते पॅकेजं काढूनही टाकू शकतं, म्हणून यादी वाचूनच होकार द्या. उबुंटूवर कधी कधी मागे राहिलेलं पॅकेज म्हणजे नुसतं टप्प्याटप्प्याने सोडलेलं अपडेट असतं, काही दिवसांत आपोआप येतं. अपग्रेडमध्ये डीपीकेजीने तुम्ही बदललेल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलबद्दल विचारलं तर आधी 'डी' दाबून फरक पाहा. नुसतं एंटर दाबलंत तर तुमची फाइल राहते आणि नवी शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने ठेवली जाते.

दूरच्या मशीनवर हे सगळं टीमक्समध्ये (कनेक्शनशिवायही चालू राहणारं टर्मिनल) चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी डीपीकेजी मध्येच मरत नाही. तरी मेलाच, तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवून अर्धवट राहिलेलं काम पुरं करा. आणि एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सर्व्हिस) रीस्टार्ट केल्यावर दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय पहिलं सेशन बंद करू नका.