दहा वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचा फोटो: बीकेसीतली एक सकाळ

लेकीचा अमेरिकन पासपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. मार्चमध्ये शिशुवर्गाला सुट्टी लागली की बघू, असं आम्ही ठरवलं होतं. त्या मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पुढे 'बघू, बघू' करत पाच वर्षं गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझ्या बहिणीचा फोन आला, दिवाळीच्या सुट्टीत या म्हणून. तेव्हा कपाटातून पासपोर्ट काढला. आत डोळे अर्धे मिटलेलं, मूठ तोंडाशी आलेलं दोन महिन्यांचं बाळ. आणि शेजारी उभी राहून 'बघू, बघू' म्हणणारी, दोन वेण्या घातलेली पाचवीतली मुलगी.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पार्ल्यात निम्म्या लोकांचा यात गोंधळ असतो. लेक न्यू जर्सीत जन्मली, नोव्हेंबर २०१४ मध्ये. आम्ही दोघंही तेव्हा आणि आजही भारतीय नागरिक. तिथे जन्मली म्हणून ती जन्मानेच अमेरिकन. ती दीड वर्षाची असताना आम्ही कायमचे परत आलो. तिच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. ओळखीतले सगळे त्याला 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतात. तसं काही नसतं. भारत दोन नागरिकत्वं मानत नाही. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा म्हणा हवं तर. इथे राहता येतं, शिकता येतं, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या चकरा नाहीत. मतदान नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. हे वाक्य मी सासऱ्यांना तीनदा वाचून दाखवलं, कारण त्यांचा जीव चिपळूणच्या दीड एकरात अडकलेला.

तर घर मुंबईत, शाळा मुंबईत, भाषा मराठी, पण प्रवासाचा एकच कागद आणि तो अमेरिकेचा. तिला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही, कारण ती तिथलीच. उलट आम्हा दोघांना व्हिसा लागतो. कुटुंबात जायला परवानगी लागत नाही अशी एकच व्यक्ती, आणि नेमका तिचाच पासपोर्ट संपलेला.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. १६ वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टचं 'नूतनीकरण' नावाचं काही नसतं. दर वेळी नवा अर्ज, डीएस-११ नावाचा फॉर्म, प्रत्यक्ष हजेरी आणि पाच वर्षांची मुदत. त्यामुळे पासपोर्ट पाच दिवसांपूर्वी संपला की पाच वर्षांपूर्वी, फॉर्म तोच आणि दंडही नाही. इथे मी उगाच महिनाभर घाबरून बसले होते. एका एजंटाने 'लॅप्स केस आहे मॅडम, अवघड असतं' म्हणून बारा हजार सांगितले, तेव्हा तर झोपच उडाली. एजंटाची गरज नाही. फॉर्म स्टेट डिपार्टमेंटच्या, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर भरायचा आणि छापायचा, मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाची अपॉइंटमेंट दूतावासाच्याच साइटवर घ्यायची. अपॉइंटमेंटला पैसे पडत नाहीत. फक्त ती व्हिसाची नव्हे, अमेरिकन नागरिक सेवा विभागाची घ्या. आमच्या सोसायटीतल्या एकांनी व्हिसाच्या पोर्टलवर खातं उघडून दोन दिवस डोकं फोडलं होतं.

(मुलांची पासपोर्टच्या वेळी सोळा पूर्ण झाली असतील तर गणित वेगळं: दहा वर्षांची मुदत मिळते. आणि सोळानंतर काढलेला पासपोर्ट असेल, तो मिळून पंधरा वर्षं झाली नसतील, तर पुढच्या वेळी डीएस-८२ चालतो, तो खरा नूतनीकरणाचा फॉर्म. माझा भाचा एकोणीसचा. त्याचा शेवटचा पासपोर्ट चौदाव्या वर्षी काढलेला, म्हणून त्यालाही डीएस-११ च भरावा लागला.)

फॉर्मबद्दल दोन चुका सांगते, दोन्ही आमच्याच. नवऱ्याने तो कागद वाचवायला पाठपोट छापला. आणि छापल्या छापल्या खाली सही ठोकली. एका बाजूलाच छापायचा, आणि सही खिडकीशी, अधिकाऱ्यासमोर, उजवा हात वर करून शपथ घेतल्यावर करायची. सुदैवाने हे आदल्या रात्री लक्षात आलं. कोरी प्रत जास्तीची न्याच. फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबरही लागतो. आमचं ते निळसर कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये, माझ्या पाटल्यांच्या डबीखाली निघालं.

आता खरी मेख. जन्मदाखला. आमच्याकडे सुंदर फ्रेम केलेला एक दाखला भिंतीवर होता: हॉस्पिटलचं चित्र, सोनेरी कडा आणि खाली शाईत उमटवलेली दोन चिमुकली पावलं. दहा वर्षं आम्ही त्यालाच जन्मदाखला समजत होतो. तो हॉस्पिटलने दिलेला आठवणीचा कागद, त्याला सरकारी किंमत शून्य. हवा असतो तो तिथल्या निबंधकाने दिलेला, आईवडील दोघांची नावं असलेला, ज्याचं सील बोट फिरवलं की उठून लागतं. तो नसेल तर न्यू जर्सीतून मागवण्यात आठवडे जातात. आमचा सासूबाईंच्या गोदरेजच्या कपाटात मिळाला, रेशनकार्ड आणि जुन्या गॅसबुकाच्या मध्ये. लॅमिनेट केलेला नव्हता, हे नशीब. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेट करण्याचा जो आजार आहे, तो इथे आवरा.

त्या दाखल्यावर आईचं नाव म्हणून माझं माहेरचं नाव आहे, कारण तिथे तसंच विचारतात. माझ्या आताच्या पासपोर्टावर मात्र नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. म्हणजे कागदावर आई एक आणि खिडकीशी उभी दुसरीच. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाच दोघींमधला दुवा. ते आणि त्याची झेरॉक्स न्या. लेकीच्या नावातही गंमत आहे. शाळेत तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिहेरी. अमेरिकेच्या दाखल्यावर मधलं नाव नाहीच. फॉर्मवर अमेरिकेच्या दाखल्यातलं नावच लिहायचं, शाळेचं नव्हे. तिकीटही त्याच नावाने काढा.

आणि मग वाढत्या वयाचे फोटो. तपासणी यादीत एक ओळ होती: पासपोर्टातला फोटो तान्हेपणीचा असेल तर मूल वाढत गेल्याचे फोटो आणा. मला वाटलं, ह्यात काय, फोनमध्ये चार हजार फोटो आहेत. मग लक्षात आलं, आत फोन नेता येत नाही. म्हणून छापायचे. दर वर्षाचे एकदोन, घरचं कुणीतरी सोबत असलेले, चेहरा आणि कान स्पष्ट दिसणारे. मी ए-फोर कागदावर चार-चार लावून खाली महिना, वर्ष आणि जागा लिहिली. निवडताना रात्रीचा एक वाजला. बारशाचा, पहिल्या वाढदिवसाचा, गणपतीतले आणि बोरन्हाणाचा. बोरन्हाणाचा भावनेच्या भरात घातला, त्याचं पुढे सांगते.

फोटोंचे नियमही सांगून टाकते. फॉर्मवर लावायचा फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही. स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट साइझ' म्हटलं तर भारतीय मापाचा उभा फोटो मिळेल. 'अमेरिकन, चौकोनी' म्हणा.

वडील आणि आई दोघांनी हजर राहायचं. एक जण परदेशात असेल तर डीएस-३०५३ हे संमतिपत्र नोटरीसमोर सही करून, सोबत ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत लागते. त्याची नोटरी कुठली चालते हे आधी विचारून घ्या. कोर्टाबाहेरच्या टपरीवरच्या शिक्क्यावर विसंबू नका.

त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन बसला होता. आमची तारीख जूनच्या मध्याची, सकाळी साडेनऊची. पार्ल्याहून रिक्षाने विमानतळाचं टी-वन, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मग पुन्हा रिक्षा. वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षाच्या रांगेत भिजण्यापेक्षा हे किती तरी बरं. वाणिज्य दूतावास बीकेसीच्या जी ब्लॉकमध्ये. जुन्या लोकांना ब्रीच कँडीचं लिंकन हाउस आठवतं. तिथलं कार्यालय २०११ मध्ये इकडे आलं.

बॅग नाही, फोन नाही, स्मार्टवॉच नाही, आणि सामान ठेवायला लॉकरही नाही. बाहेर पैसे घेऊन सामान सांभाळणारे भेटतात. मी त्यांच्या हाती फोन दिला नसता. आमचं लॉकर घरचंच होतं.

"बाबा, पाऊस आहे, तुम्ही कशाला येताय?" मी निघताना म्हटलं.

"मग तुमचे फोन कोण सांभाळणार? ट्रम्प?" सासरे छत्री घेऊन तयार.

ते पलीकडच्या चहावाल्याच्या प्लास्टिकखाली स्टुलावर बसले, मांडीवर तीन फोन आणि माझी पर्स. दोन तासांत त्यांनी माझ्या ऑफिसच्या दोन फोनना परस्पर उत्तरं दिली, ते मला नंतर कळलं.

आत शिरताना व्हिसावाल्यांची मोठी रांग असते. तिच्यात उभे राहू नका. आम्ही सवयीने शेवटी जाऊन उभे राहिलो. सुरक्षारक्षक आला, कागद बघितला आणि विचारलं, "अमेरिकन सिटिझन कौन है?" आम्ही दोघं गप्प. दोन वेण्यांवाल्या बाईंनी हात वर केला. "मैं." त्याने आम्हाला तिच्या मागून पुढे सोडलं. मुलीच्या जिवावर रांग ओलांडायची ही आमची पहिलीच वेळ.

पहिल्या खिडकीवर कागद तपासले गेले. मूळ आणि झेरॉक्स वेगवेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवले होते, त्यामुळे काम भराभर झालं. मग पैसे: १०० डॉलर पासपोर्टचे आणि ३५ अर्ज स्वीकारण्याचे, एकूण १३५. आमचं कार्ड चाललं. मग अर्धा तास बाकावर. पुस्तक न्या, छापील. फोनशिवाय दहा वर्षांचं मूल काय करतं हे आपण विसरलोय.

शेवटी अधिकारी. तरुण, हसरा. आमच्याकडून शपथ घेतली, सह्या घेतल्या. मग फोटोंचे कागद एकेक करून बघू लागला. जुन्या पासपोर्टातल्या बाळाकडे, मग काचेपलीकडच्या मुलीकडे, मग परत बाळाकडे. बोरन्हाणाच्या फोटोपाशी थांबला. त्यात लेक सव्वा वर्षाची, काळं झबलं, आणि हलव्याचा मुकुट भुवयांपर्यंत आलेला. हनुवटी आणि रडण्याच्या बेतात असलेलं तोंड, एवढंच दिसतंय.

"हे पांढरं काय घातलंय?"

"दागिने आहेत. साखरेचे."

"ती साखर घालून बसलीय?"

लेकीने त्याला समजावलं, की संक्रांतीला लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात, मग बाकीची मुलं ते पळवतात. तो म्हणाला की हा फोटो ओळखीला काही उपयोगाचा नाही, पण छान आहे, आणि बाजूला ठेवला. मग तिला शाळेचं नाव, आवडता विषय, घरी कोण कोण, असं विचारलं. "आजोबा बाहेर फोन घेऊन बसलेत," तिने आपणहून सांगितलं. काम झालं. जुना पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. रद्द केल्याची भोकं पाडून तो नव्यासोबत परत मिळतो.

नेहमीचे पासपोर्ट अमेरिकेत छापून येतात, म्हणून वेळ लागतो. आम्हाला जेमतेम तीन आठवडे लागले. अगदीच तातडी असेल तर इथेच तात्पुरता देतात, पण तो जास्तीत जास्त वर्षभराचा असतो आणि नंतर तो बदलावा लागतो. तेव्हा तिकीट आधी काढून मग धावपळ करू नका. शिवाय आमच्यासारखे आईवडील भारतीय असतील तर तुमच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच लांब असते. मुलीचा पासपोर्ट त्याच्या कितीतरी आधी येऊन पडतो.

पासपोर्ट आला म्हणजे संपलं नाही. ओसीआयवर जुनाच नंबर छापलेला असतो. एप्रिल २०२१ पासून वीस वर्षांखालच्यांना दर नव्या पासपोर्टनंतर कार्ड बदलावं लागत नाही. ओसीआयच्या साइटवर नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो चढवायचा, तीन महिन्यांच्या आत, फुकट. वीस पूर्ण झाल्यावर जो पासपोर्ट काढाल तेव्हा मात्र एकदा कार्ड नवं करून घ्यायचं. जुना पासपोर्ट बरोबर ठेवायची सक्तीही २०२१ पासून नाही, तरी मी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा तो बरोबर ठेवणार.

फक्त तिथे अमेरिकेचा फोटो चालला नाही. ओसीआयला पार्श्वभूमी फिकट रंगाची, पण पांढरी नको. आम्ही त्याच स्टुडिओत परत गेलो. फोटोवाल्याने पांढरा पडदा गुंडाळला, फिकट निळा खाली सोडला आणि म्हणाला, "ताई, तुमची मुलगी एकच आहे ना?"