घाण्याजवळची रात्र

जेरुसलेमच्या गेथशेमाने बागेत मला झोप लागली. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवले आणि नेमकं एवढंच लपवलं.

आमचा गट वसईचा. मी पाचूबंदरचा, कोळ्याच्या घरातला, पण समुद्रावर न जाता कारकुनी करणारा. निघताना शेजारचे माळकरी काका म्हणाले, "तुमची वारी निघाली म्हणायची." मला शब्द आवडला. इस्राएलमध्ये बसने जे फिरलो ते आता एकमेकांत मिसळून गेलंय. नाझरेथ आधी की काना, तेही आठवत नाही. लक्षात राहिलं ते पायी चाललेलं, आणि त्यातही एक रात्र. 18 एप्रिल 2019, पवित्र गुरुवार, येशूच्या शेवटच्या भोजनाची रात्र.

संध्याकाळी आम्ही सियोन डोंगरावर होतो, शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली दाखवतात तिथे. तिथून जेरुसलेमच्या तटाबाहेरून उतरायचं, किद्रोनचं खोरं ओलांडायचं आणि समोरच्या जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी जायचं. फार लांब नाही. वल्हांडण या ज्यूंच्या सणाचं जेवण झाल्यावर येशू शिष्यांना घेऊन याच बाजूने उतरला असणार. त्याच्या कितीतरी आधी दावीद राजा पोराच्या बंडामुळे शहर सोडून निघाला, तोही किद्रोन ओलांडून, अनवाणी, रडत. नावाला ओहोळ, पण पाणी दिसलं नाही. एका अंगाला खडकात कोरलेली थडगी. त्यातली काही येशूच्या काळीसुद्धा जुनी होती. त्या रात्री काय होणार हे माहीत असलेला माणूस या थडग्यांवरून चालत गेला, हे तिथे पोहोचेपर्यंत मला कधी सुचलंच नव्हतं.

आणि वर चंद्र. वल्हांडण पौर्णिमेला धरून येतं, त्यामुळे पहिल्या पवित्र गुरुवारीही चांदणं असणारच. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. मी मात्र कोळ्याच्या सवयीने मनात म्हटलं, घरी उधाण असेल.

गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाची फळं आधी दगडाखाली चेचायची, मग तो लगदा टोपल्यांत भरून वरून वजन ठेवायचं. बागेत आठ म्हातारी झाडं आहेत, खोडं पिळवटलेली, आतून पोकळ. 2012 साली त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले; तीन झाडांचं लाकूड सुमारे नऊशे वर्षांचं निघालं, आणि आठही झाडं मुळात एकाच झाडाची. म्हणजे येशूला पाहिलेली झाडं हीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्यातले काही जण हिरमुसले. मला काही वाटलं नाही. जुन्या झाडाची फांदी कुणीतरी जपून पुन्हा लावली, हेच मला पुरेसं होतं.

बागेला लागून चर्च आहे, 1924 साली पूर्ण झालेलं. अनेक देशांनी पैसे दिले म्हणून त्याला 'सर्व राष्ट्रांचं चर्च' म्हणतात. खिडक्यांना जांभळट दगडाचे पातळ पत्रे, त्यामुळे आत भर दुपारीही तिन्हीसांज. वेदीपुढे उघडा खडक, त्याभोवती लोखंडी काटेरी मुकुटाचं कुंपण. पकडलं जाण्याआधी पेत्र आणि आणखी दोन शिष्यांना जागं राहायला सांगून येशूने प्रार्थना केली, आणि ते झोपी गेले; प्रार्थनेचा तो हाच खडक असं मानतात. पवित्र गुरुवारी रात्री फ्रान्सिस्कन धर्मगुरू इथे पवित्र तास, म्हणजे त्या जागरणाची प्रार्थना, घेतात. आम्ही लवकर पोचलो, गर्दीत एका खांबाशी जमिनीवर जागा मिळाली. वाचनं सुरू झाली, वेगवेगळ्या भाषांत, बऱ्याचशा मला न कळणाऱ्या. दगड थंडगार, पाठीला खांब, दिवसभरची पायपीट. जाग आली तेव्हा लोक खडकाला हात लावायला रांगेत उभे होते.

माझ्या अंगावर कुणाची तरी शाल होती. शेजारी आमच्या गटातली मावशी, सत्तरीची, जपमाळ हातात, टक्क जागी.

"मावशी, उठवायचं ना मला."

"कशाला? पेत्रपण कोळीच होता," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि मग ते आलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. कारण खरंच, पेत्र, याकोब, योहान तिघेही कोळी. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने सकाळी किनाऱ्याला लागलेली माणसं. माझे बाबा डोलीच्या, म्हणजे भरतीओहोटीवर चालणाऱ्या, जाळ्यावर होते. ओहोटी रात्री दोनला असली तर दोनला उठायचे, घड्याळाशिवाय. अशा माणसांना एक तास जागवलं नाही? शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने मात्र एक शब्द जास्त लिहिलाय, ते दुःखाने झोपी गेले होते. मत्तय आणि मार्कने डोळे जड झाले एवढंच सांगितलं.

पवित्र तासानंतर मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघाली, पुन्हा किद्रोनच्या बाजूने, सियोनाच्या उतारावरच्या पेत्राच्या चर्चकडे, जिथे त्याने येशूला ओळखत नाही म्हटलं आणि 'कोंबडा आरवला' तिथे. पुढे अरबी गाणी, मागे पोलिश. वाऱ्याने माझी मेणबत्ती विझली. शेजारून चालणाऱ्या बाईने आपल्या मेणबत्तीवरून ती पेटवून दिली. माझं मराठी ऐकून ती कोंकणीत बोलली. गोव्याची. इकडेच एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते, त्या रात्रीपुरती सुट्टी मागून आली होती.

मी विचारलं, "काम जड असतं का?"

"दिवसाचं नाही. रात्री तिला भीती वाटते. मग मी खुर्ची ओढून बाजूला बसते."

"आणि काय करता?"

"काही नाही. बसते."

पुढचा चढ मी गप्प चढलो. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी एकदाही झोपलो नव्हतो, याचा मला अभिमान होता. औषधांची चिठ्ठी, रक्ताची सोय, बिलं, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा, काकांना फोन. सगळे म्हणाले, पोराने जिवाचं रान केलं. एका रात्री बाबा म्हणाले, "बस रे." मी म्हटलं, "आलोच," आणि सलाईनची बाटली बदलायला सांगायला बाहेर गेलो. बाटली अजून अर्धी होती.

येशूने त्या तिघांना कामच सांगितलं नव्हतं. जाळं असतं तर ते सकाळपर्यंत जागले असते.

पेत्राच्या चर्चच्या आवारात जुन्या दगडी पायऱ्या आहेत, खोऱ्यातून वर येणाऱ्या. पकडल्यावर येशूला याच वाटेने वर आणलं असं सांगतात. त्यांच्या बाजूच्या कठड्यावर मावशी चपला काढून बसली होती. पाय सुजले होते.

"पाणी आणू?"

"नको."

"गाडी बघू का मिळते ती?"

"काही नको. बस."

मी बसलो. खिशात फोन थरथरला, काढला नाही. बारा वाजत आले होते, म्हणजे घरी अडीच. ओहोटी लागली असेल. मावशीच्या ओठांवर जपमाळ होती, आवाज नव्हता. मला प्रार्थना सुचली नाही. खालच्या खोऱ्यात एकेक मेणबत्ती विझत गेली.

फाटकाजवळून आमचा गटप्रमुख माणसं मोजत हाका मारू लागला. मी उठायला लागलो, तशी मावशीने एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा वर करून त्याला खूण केली, थांब.