गार पाणी

परवा दुपारी बांधीतून आलो, फ्रिजमधली बाटली तशीच तोंडाला लावली अन् उजवीकडच्या दाढेतून जी कळ निघाली ती थेट कानात. मग दिवसभर जीभ तिथंच. दुखतं तिथंच चाचपून बघायची खोड लहानपणापासूनची, माय ओरडायची तरी गेली नाही.

तालुक्याचा डॉक्टर म्हणे, भाऊ, ब्रश घासता का भांडी? हिरडीजवळचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, झिजलं, खालचं डेंटीन उघडं पडलं. डेंटीनमधी म्हणे बारीक नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमधी हजारोंनी. मला आपली तणसाची पेंडीच आठवली, कापल्या टोकाकडून पाहिलं की नुसती भोकंच भोकं. फक्त दातातल्या नळ्यांत पाणी भरलेलं, गार लागलं की ते हलतं अन् आत पल्पमधल्या, म्हणजे दाताच्या मऊ गाभ्यातल्या, नसेला धक्का बसतो. ती नसही अशी की गार, गोड, काहीही लागो, तिला एकच बोलता येतं, दुखते.

आबाजीले मात्र कधी दुखल्याचं आठवत नाही. 75 व्या वर्षी बाजारात बर्फाचा गोळा कडाकडा चावायचे. बैल घ्यायला गेले की खालचा ओठ दाबून वय बघायचे, दोनदाती, चारदाती का सगळे दात आलेला जुळलेला, वरचे पुढचे दात तर बैलाला नसतातच. मी विचारायचो, आबाजी तुमी किती दाती? म्हणायचे, "मी जुळलेला होय बापू."

डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणे, वय वाढतं तसं पल्पच्या पेशी आतून डेंटीन चढवतच राहतात. म्हणजे मातीच्या भिंतीला दरसाल आतून लिपण घालत गेलं की खोली लहान व्हावी तसं, मग नसही थंडावते. वरचं इनॅमल पातळ होतं अन् खालचं पिवळं दिसायला लागतं. म्हणजे आबाजीचे दात पिवळे होते ते सगळं पाप खर्ऱ्याचं नव्हतं तर! आम्ही उगाच बोलायचो.

फिलिंगला पुढच्या सोमवारी बोलावलंय. बघू, मळणी झाली तर.

आबाजी गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडताना मला एक दाढ सापडली होती. वरचं चमकतं कवच तडकून गेलेलं, आतलं तेवढं उरलेलं, राखेच्या रंगाचं, हातात काहीच वजन नाही. मी ती उलटीपालटी करून बघत होतो तर काका म्हणाले, बघतं का, टाक मडक्यात.