तुम्ही विचारलेत म्हणून : लग्न करून परदेशी जाताना काय न्यावे?

लग्न करून परदेशी राहायला जाणाऱ्या मुली, आणि अलीकडे मुलगेही, मला एक प्रश्न हमखास विचारतात: सोबत नेमके काय न्यावे? प्रश्नाला बहुतेक वेळा एक यादी जोडलेली असते. तिच्यात भांडी असतात, चादरी असतात, मिक्सर असतो, थंडीचे कपडे असतात, आणि प्रत्येक वस्तूपुढे "हे तिकडे मिळते का?" असे विचारलेले असते. मीही लग्नानंतरच दुसऱ्या देशात राहायला आले असल्यामुळे माझ्याकडे उत्तर असेल अशी त्यांची अपेक्षा असते. उत्तर आहेही, पण त्या यादीच्या क्रमाने ते देता येत नाही, कारण ती यादीच मला उलट्या टोकाकडून सुरू झालेली वाटते.

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणारा माणूस रिकाम्या खोलीत जातो. लग्न करून जाणारा बहुधा भरलेल्या घरात जातो. तिथे पलंग, भांडी, इस्त्री, पडदे सगळे आधीच असते आणि ते जोडीदाराच्या सवयीप्रमाणे मांडलेलेही असते. संसाराला लागणाऱ्या वस्तूंची तिथे वाण नसते. वाण असते ती तुमच्या स्वतःच्या वस्तूंची. म्हणून संसाराला काय लागेल हा विचार थोडा मागे ठेवावा आणि हे लग्न ठरले नसते, पण त्याच देशात एकटीने जायचे असते, तर शिकायला, कमवायला आणि स्वतःसारखे जगायला मी काय नेले असते, असे आधी विचारावे. या प्रश्नाला जे उत्तर येते, ते पहिल्या बॅगेत जाते.

त्या उत्तरात सर्वांत वर कागदपत्रे येतात, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण हा विषय कंटाळवाणा म्हणून सगळेच तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. जन्मदाखला, पदवी प्रमाणपत्रे, प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका, अनुभवपत्रे, व्यावसायिक नोंदणी असेल तर तिचा दाखला, लसीकरणाची नोंद, चष्म्याचा नंबर, चालू औषधांची चिठ्ठी आणि वाहन परवाना, एवढे सगळे मूळ प्रतीत सोबत असावे आणि हातातल्या पिशवीत असावे, विमान कंपनीकडे सोपवलेल्या सामानात कधीही नाही. यांतले अनेक कागद परदेशात ग्राह्य धरले जाण्यासाठी त्यांच्यावर अपोस्टिल लागते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आलेली ही प्रमाणीकरणाची पद्धत आहे आणि तिची मेख अशी की ज्या देशाने मूळ कागद दिला, त्याच देशातला अधिकृत विभाग त्यावर अपोस्टिल देऊ शकतो. एकदा विमानात बसल्यावर हे काम टपाल, मुखत्यारपत्र आणि नातेवाइकांचे हेलपाटे यांच्या भरवशावर जाते. जायचे आहे तो देश या करारात नसेल, तर त्याच्या दूतावासाकडून वेगळे प्रमाणीकरण करून घ्यावे लागते. काही देश हल्लीच करारात आले आहेत, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये, त्यामुळे आधी गेलेल्या मैत्रिणीने सांगितलेली कार्यपद्धती आज तशीच असेल असे धरून चालू नये.

गुणपत्रिकांचे आणखी एक आहे. परदेशात पदवीचे मूल्यमापन करणाऱ्या अनेक संस्था उमेदवाराने हातात आणून दिलेली प्रत स्वीकारत नाहीत. विद्यापीठाने ती मोहोरबंद पाकिटातून किंवा संगणकीय मार्गाने परस्पर पाठवावी असा त्यांचा आग्रह असतो. विद्यापीठाच्या खिडकीशी स्वतः उभे राहता येते तोवर हे मार्गी लावणे शहाणपणाचे. जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या माणसाला अनेक देशांत लगेच काम करता येत नाही आणि परवानगीची वाट पाहण्यात बराच काळ जातो. तो काळ पदवी मान्य करून घेण्यात कारणी लागला तर परवानगी हाती येते तेव्हा माणूस तयार असतो. वाहन परवान्याचेही तसेच: आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवाना देणाऱ्या देशातच मिळतो, म्हणून तो निघण्यापूर्वी काढावा. अमेरिकेत कायम वास्तव्याच्या व्हिसावर जाणाऱ्यांना ठरावीक लसी घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. जुनी नोंद सापडली नाही तर त्याच लसी पुन्हा टोचून घेण्याची पाळी येते. आडनाव बदलणार असाल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिन्हींवर एकच नाव राहील अशा बेताने बदला, आणि जुन्या नावाच्या पदव्यांना नव्या नावाशी जोडणारा कागद हाताशी ठेवा.

कागदांच्या खालोखाल मी हातातल्या कामाची साधने मोजते. पोटापाण्याचे काम असो की निव्वळ आवडीचे, ज्या हत्याराला हात सरावला आहे ते न्यावे. माझ्या बाबतीत ते शिवणयंत्र होते: ओतीव लोखंडाचे, उजव्या हाताने चाक फिरवून चालवायचे, काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी हात टेकतो त्या जागी झिजलेली. विमानाच्या हिशेबाने याच्याइतकी गैरसोयीची वस्तू शोधून सापडणार नाही. बऱ्याच कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला एका बॅगेत २३ किलो नेऊ देतात, आणि या यंत्राने त्यातला निम्मा वाटा एकट्याने खाल्ला. लाकडी तळ आम्ही घरीच ठेवला. चाकाचा दांडा स्क्रू काढून सुटा केला, बॉबिन आणि तिची डबी रुमालात गुंडाळली, सुईचा दांडा खाली आणून बसवला, तेल पुसून काढले आणि सगळे यंत्र दोन जाड चादरींत बांधून बॅगेच्या चाकांच्या बाजूला ठेवले, म्हणजे बॅग उभी केली की भार खाली राहतो आणि कपड्यांवर येत नाही. कापड कापण्याची मोठी कात्रीही त्याच बॅगेत गेली, कारण ती केबिनमध्ये नेता येत नाही. नवरा फोनवर म्हणाला, "इथे हलके, नवे यंत्र घेऊ की." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण त्याच्या घरात मी वापरणार होते ते प्रत्येक यंत्र आधी त्याने मला समजावून सांगायचे होते, आणि हे एक तरी असे होते की जे बिघडले तर मी उघडून दुरुस्त करू शकत होते. यंत्र आले. टेबल मात्र आम्ही तिथे घेतले, आणि त्यासाठी त्याने आपली सायकल खिडकीखालून हलवली.

हाताने चालणाऱ्या यंत्राला विजेचे सोयरसुतक नसते. बाकीच्या उपकरणांना असते. युरोपात आणि आशियाच्या बऱ्याच भागांत घरगुती वीज २२० ते २४० व्होल्टची असते, उत्तर अमेरिकेत १२० ची आणि जपानमध्ये १०० ची. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर बहुधा १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. त्यांना फक्त पिनेचा अडॅप्टर पुरतो. तसे छापलेले नसेल तर ती वस्तू नेऊ नये, हे माझे सरळ मत आहे. २३० व्होल्टची इस्त्री १२० व्होल्टवर लावली तर तिची उष्णता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. उलट, १२० व्होल्टचे उपकरण २३० वर लावले तर ते जळते. मिक्सरसाठी रूपांतरक मिळतो, पण तो स्वतःच वजनदार असतो आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर कायमची जागा अडवतो. भेट म्हणून आलेला मिक्सर घरच्यांना वापरू देण्यात कोणाचाही अपमान नाही.

जागेबद्दलचे बोलणे बहुतेक जण टाळतात. "माझे घर ते तुझेच घर" असे जोडीदार मनापासून म्हणतो. तेवढ्यावर न थांबता त्याला विचारावे की कोणते कपाट रिकामे होणार आहे, ते किती खोल आहे, आणि भिंतीचा कोणता भाग मोकळा आहे. हे विचारायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. पण मोजपट्टी घेऊन फोनवर झालेले ते अर्धा तासाचे संभाषण माणसाची ओळख चांगली करून देते. तुमच्या पुस्तकांसाठी कोणी स्वतःचे काय हलवते आणि काय हलवायला तयार नाही, हे लग्नाआधी कळलेले बरे. दोघांकडेही असलेल्या वस्तूंपैकी कोणाची ठेवायची हेही त्याच वेळी ठरवावे. जोडीदाराच्या घरातले सगळे चांगले आणि आपले सगळे जुनाट असे समजून चालण्याचे काही कारण नाही.

दागिन्यांसाठी नियम एकच, आणि तो मोडू नये: ते सामानात टाकायचे नाहीत. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार हरवलेल्या सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककांपर्यंत मर्यादित आहे, आणि मौल्यवान वस्तू सामानात ठेवू नका असे कंपन्या आपल्या अटींत बजावतातच. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन आणि मूल्यांकनपत्र सोबत ठेवावे. ते सीमाशुल्क विभागालाही दाखवता येते आणि विमा कंपनीलाही. रोज घालणार नाही असे सगळे दागिने पहिल्याच खेपेत नेण्याची घाई मला समजत नाही.

जे लग्न करून युरोपीय संघातल्या देशात जाणार आहेत, त्यांना एक तरतूद ठाऊक असायला हवी. संघाच्या ११८६/२००९ या नियमावलीत लग्नानिमित्त वास्तव्य हलवणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे. संघाबाहेर किमान १२ महिने राहिलेल्या व्यक्तीला आपले लग्नाचे कपडे आणि घरसामान, अगदी नवे असले तरी, आयातशुल्काशिवाय आणता येते. भेटवस्तूही आणता येतात, मात्र प्रत्येकीची किंमत १,००० युरोंपेक्षा जास्त नसावी. साधारणपणे हे सामान लग्नाच्या तारखेपूर्वी दोन महिन्यांच्या आधी नाही आणि लग्नानंतर चार महिन्यांच्या आत यायला हवे. दारू आणि तंबाखू यांना ही सवलत नाही. अमेरिकेचा कल वेगळा आहे: तिथे किमान एक वर्ष वापरलेल्या घरसामानाला सूट मिळते, म्हणजे खोक्यातून न काढलेले नवे कोरे भांडे तिथे वापरलेल्या भांड्याइतके सोपे नसते. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी लाकूड, गवत, बिया आणि बुटांना चिकटलेली माती यांच्याकडे आधी पाहावे. तिथली जैवसुरक्षा तपासणी अशा वस्तूंवरच बोट ठेवते.

औषधांत गृहीत काहीच धरू नये. एका देशात डॉक्टरच्या चिठ्ठीवर सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते. अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधे जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

कपडे कमी न्यावेत, एवढेच म्हणते. थंड देशासाठी लागणारा कोट तिथल्या थंडीसाठी तिथेच बेतलेला मिळतो. पुस्तके वजनाला बेइमान असतात. ज्यांच्या समासात आपण लिहिले आहे तेवढीच निवडावीत, बाकीची वाचणाऱ्यांकडे जाऊ द्यावीत.

छायाचित्रे मात्र सगळी न्यावीत, अल्बम न नेता. अल्बममधून ती काढून, स्कॅन करून, मूळ प्रती आईवडिलांकडे ठेवाव्यात, कारण तुम्ही गेल्यावर ती पाहण्याची गरज त्यांना जास्त पडणार आहे. जुन्या पत्रांविषयी, ज्यांत पूर्वीच्या एखाद्या नात्याचीही पत्रे येतात, मला खासगीत विचारले जाते. ती न्यावीत, फाडावीत की ठेवावीत हे तुमचे तुम्ही ठरवा. पण "तो काय म्हणेल" या भीतीने शेवटच्या रात्री ती फाडू नका; वेळ असताना शांतपणे वाचून ठरवा, आणि ठेवायचीच झाली तर विश्वासाच्या माणसाकडे बंद पाकिटात ठेवा.

मागे राहणाऱ्या वस्तूंचीही व्यवस्था लागते. "असू दे, नंतर बघू" म्हणून खोली तशीच सोडणे म्हणजे ती आवरण्याचे ओझे घरच्यांवर टाकणे. पुढच्या भेटीत नेण्याचे वेगळे ठेवा, देऊन टाकण्याचे देऊन टाका, आणि उरलेल्यावर अमुक वर्षापर्यंत न नेल्यास तुम्ही वाटेल ते करा, असे लिहून ठेवा. आईला तुमची जुनी वही रद्दीत घालण्याचा अधिकार तुम्ही दिल्याशिवाय ती घेत नाही.

आणि यादी करायचीच तर ती वस्तू बांधून झाल्यावर करा: कोणत्या खोक्यात काय, अंदाजे किंमत किती, नवे की वापरलेले. विमा आणि सीमाशुल्क या दोन्हींसाठी तीच लागते. कॅनडासारख्या देशात कायम राहायला जाताना, सोबतच्या सामानाबरोबरच मागाहून येणाऱ्या सामानाचीही यादी पहिल्या आगमनाच्या वेळीच द्यावी लागते. तिच्यात न लिहिलेली वस्तू नंतर आली तर तिच्यावर शुल्क लागू शकते. म्हणून शिवणयंत्र दुसऱ्या खेपेला नेणार असाल, तरी ते पहिल्याच यादीत लिहा.