डावा की उजवा?
आज अमेरिकेतल्या एका आजींचा चार्ट माझ्याकडे मेडिकल कोडिंगला, म्हणजे नोंदींना ठरलेले कोड द्यायला, आला. कृत्रिम खुबा आहे, पण कुठल्या बाजूचा ते नोटमध्ये नाही. उजव्याला कोड झेड९६.६४१, डाव्याला झेड९६.६४२. बाजू माहीत नसेल तर झेड९६.६४९ टाकून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. जुनी ऑपरेशन नोट शोधली, डावा निघाला. उद्या त्या पडल्या तर हे आधी दिसायला हवं.

संध्याकाळी मावशीकडे गेले. तिचाही खुबा बदललाय, चीर खुब्याच्या मागच्या बाजूने घेतलीय. म्हणून कमरेतून ९० अंशांच्या पुढे वाकायचं नाही, मांडी घालायची नाही. तरी पूजेला पाटावरच बसणार म्हणून हटून बसली होती. मग काकांनी आणि मी देवघरच उचलून टेबलावर ठेवलं. डिस्चार्ज कार्डावर ही पथ्यं मोठ्या अक्षरात, मराठीत का लिहून देत नाहीत?