बंड्याची उरलेली नजर

हल्ली रात्री बॅटरी मारली की बंड्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त चमकतात. आचऱ्याला आलेले पाहुणे म्हणतात, काय तेज आहे हो कुत्र्याच्या नजरेला! नजर जातेय म्हणून हे तेज वाढलंय, हे त्यांना कुठे सांगत बसा? कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे एक चकचकीत थर असतो. पटल झिजून पातळ झालं की आत गेलेला उजेड फारसा शोषला जात नाही, थरावर आपटून तसाच बाहेर येतो.

लॅब्राडोरमध्ये हे दुखणं आनुवंशिक. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, आणि ते दोघे स्वतः ठणठणीत असू शकतात. आधी पटलातल्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी जातात, भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी मागाहून. म्हणून भर दुपारी बंड्या पोफळींमधून सुसाट धावतो आणि दिवेलागणीला त्याच बागेतल्या पाटाशी अडतो. पुढचा पाय हवेत, नाक पाण्याकडे. पायाने चाचपत पलीकडचा काठ लागला की मग उडी. चिऱ्याच्या पायऱ्या मात्र नखं घासत, एकेक करून उतरतो.

शेजारच्या काकींना हे पटत नाही. ‘‘तेका दिसणा नाय म्हणतास, मगे माझ्या टोपलेत बांगडे आसत ता कसा कळता?’’ आता बांगड्याला डोळे कशाला लागतात!

शंकुपेशी गेल्यावरही सगळा अंधार होतो असं नाही, हे मला वाचून कळलं. क्लाइड कीलर या संशोधकांनी १९२४ मध्ये दंडपेशी नसलेल्या उंदरांची नोंद केली. त्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या उजेडात आक्रसतात, हे त्यांनी १९२७ मध्ये लिहिलं. उलगडा व्हायला २००२च्या आसपासचा काळ उजाडला. दृष्टिपटलातल्या आणखी काही मोजक्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं उजेड टिपणारं प्रथिन असतं आणि त्या स्वतःच उजेड ओळखतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे. दिवस आहे की रात्र, ते त्या शरीराला कळवतात. म्हणजे पुढेही बंड्या सकाळी वेळेवर उठून आम्हाला उठवणार, यात शंका नको.

बाकी, बावीवर लोखंडी जाळी टाकून घेतलीय. पडवीतलं बाकडं जागचं हलवायचं नाही, असं मुलांना बजावलंय. चपलांसाठी दाराशेजारी फळीही ठोकलीय. तरी गणपतीला आलेले मुंबईकर चपला पायरीवरच काढतात.